संगणकाचा पत्ता आणि संस्थळाचे नाव

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



शाळेतील संगणकाविषयी जी तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते, ती अवघ्या तीन शब्दांची असते : "नेट चालत नाही." रुग्णाने वैद्यापुढे बसून "बरे वाटत नाही" एवढेच सांगावे, त्यातला हा प्रकार होय. त्यामागे तार निसटलेली असेल, सेवा पुरविणाऱ्या कंपनीची वाहिनी रस्त्याच्या खोदकामात तुटली असेल, राउटर बंद पडला असेल. परंतु पुष्कळदा यांपैकी काहीच घडलेले नसते. संगणक धडधाकट असतो, तार शाबूत असते, राउटरवरील दिवे नित्याप्रमाणे लुकलुकत असतात, आणि तरीही पडद्यावर शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान काही केल्या उमटत नाही. अशा वेळी दोष बहुधा दोनपैकी एका जागी दडलेला असतो. एक तर संगणकाला जाळ्यात बसण्यासाठी लागणारा पत्ता मिळालेला नसतो अथवा चुकीचा मिळालेला असतो. नाही तर ज्या संस्थळाचे नाव आपण टाकले, त्या नावाचा पत्ता संगणकाला सापडत नसतो. पहिल्या व्यवहारास डीएचसीपी व दुसऱ्यास डीएनएस अशी नावे आहेत. नावे परकी असली तरी व्यवहार मात्र आपल्या परिचयाचेच आहेत.

प्रथम पत्त्याचा विचार करू. आपल्या प्रत्येक शाळेला यू-डायसचा अकरा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि अखेरचे दोन त्या गावातील शाळेचे. शाळेच्या पाटीवर नाव काहीही लिहिलेले असो, वरिष्ठ कार्यालयाचे यंत्र शाळेला ओळखते ते या क्रमांकाने. संगणकाचेही असेच आहे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा एक पत्ता असतो; प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांमधील असतो व आकड्यांमध्ये टिंब देतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२३. यातील आरंभीचा भाग जाळ्याचा व शेवटचा त्यातील यंत्राचा, असे सामान्यतः लहान जाळ्यात समजावयास हरकत नाही. अशा रीतीने एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. ही संख्या मोठी वाटते खरी, पण जगातील यंत्रांना ती पुरेशी नाही. म्हणून १९९४ साली काही पत्ते खाजगी वापरासाठी निराळे राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते प्रत्येक शाळेत, प्रत्येक घरात पुनःपुन्हा वापरता येतात. बाहेरच्या जगाशी बोलताना राउटर त्या सर्वांच्या वतीने आपला एकच पत्ता पुढे करतो.

हे पत्ते पूर्वी हाताने लिहावे लागत. दहा संगणक असले तर कोणाला कोणता पत्ता दिला याची वही ठेवावी लागे, आणि वही हरवली की घोटाळा ठरलेलाच. १९९३ साली अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी ज्या पद्धतीचा नियमग्रंथ प्रसिद्ध केला, तिच्यामुळे हे काम यंत्राकडे गेले. तीच डीएचसीपी. बहुतेक शाळांत हे काम राउटरच करतो.

ही पद्धत वर्गातील प्रसंगाने चटकन समजते. एक नवा विद्यार्थी वर्गात येतो. गुरुजी कोण, हेही त्याला ठाऊक नाही. म्हणून तो दारातून सर्वांना ऐकू जाईल असे ओरडतो : "मला कोणी हजेरी क्रमांक देईल का?" गुरुजी म्हणतात, "तेवीस क्रमांक मोकळा आहे." मुलगा पुन्हा सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतो, "मग तेवीस मी घेतो." गुरुजी हजेरीपत्रकात नोंद करतात आणि म्हणतात, "दिला." बस, एवढीच चार वाक्ये. मात्र हा क्रमांक कायमचा नसतो, तो मुदतीचा असतो. राउटरमध्ये ही मुदत पुष्कळदा एका दिवसाची असते. निम्मी मुदत सरली की संगणक आपण होऊन मुदतवाढ मागतो, आणि सर्व सुरळीत असेल तर ती मिळते. वापरणाऱ्याला यातील काहीच दिसत नाही.

पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी संगणकाच्या पदरात पडतात. आपल्या जाळ्याची शीव कोठपर्यंत आहे हे सांगणारा एक आकडा. शिवेबाहेर जावयाचे असल्यास कोणत्या दाराने जावयाचे त्या दाराचा पत्ता, ज्याला गेटवे म्हणतात आणि ज्याला गावाची वेस म्हटल्यास अर्थ अधिक स्पष्ट होईल. आणि नावांचे पत्ते कोणाला विचारावयाचे, म्हणजे डीएनएसचा पत्ता. या तिहींपैकी एक जरी चुकीची असली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच : नेट चालत नाही.

आता कोणीच "दिला" म्हणणारा नसेल तर काय होते? विंडोजच्या संगणकाने काही काळ उत्तराची वाट पाहिली आणि ते आले नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता धारण करतो. गावात आलेल्या परक्या माणसाला कोणी घर दिले नाही म्हणून त्याने देवळाच्या ओसरीवर पथारी टाकावी, तसा हा पत्ता आहे. त्या पत्त्यावरून वेशीबाहेर जाता येत नाही. परंतु दोष शोधणाऱ्याला या दोन आकड्यांइतकी उपयुक्त खूण दुसरी नाही. १६९.२५४ दिसले की संस्थळाची, कंपनीची, वा ब्राउझरची चर्चा तेथेच थांबवावी. संगणकाची हाक राउटरपर्यंत पोचली नाही, किंवा राउटरने उत्तर दिले नाही, एवढेच त्याचे तात्पर्य.

हा पत्ता पाहावयाचा कसा, ते सांगितले पाहिजे. कळफलकावर विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून आर हे अक्षर दाबावे. उघडलेल्या चौकटीत सी, एम, डी ही तीन अक्षरे लिहून एन्टर दाबावे. काळी खिडकी उघडते. काळ्या खिडकीचे पुष्कळांना भय वाटते. वस्तुतः नुसते पाहण्याच्या आज्ञेने तेथे काहीही बिघडत नाही. तीत आयपीकॉन्फिग असे लिहावे : आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी, सर्व अक्षरे सलग. त्यापुढे एक जागा सोडून, प्रश्नचिन्हाच्या कळीवर असलेली तिरपी रेघ व तिला लागून ऑल हा शब्द दिला, तर पत्ता, वेस, डीएनएस व मुदत केव्हा घेतली, केव्हा संपते, हे सर्व दिसते. त्या पानाचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावे. दुरुस्तीचा निम्मा भाग येथेच उरकतो, कारण मग दूरध्वनीवरून विचारणाऱ्याला निश्चित उत्तर देता येते.

खेड्यातील शाळेत १६९.२५४ चे सर्वांत नेहमीचे कारण वीज हे आहे. वीज जाते, परत येते. संगणक व राउटर एकाच क्षणी जागे होतात. राउटरला सावरण्यास मिनीट दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात संगणकाची हाक हवेत विरून गेलेली असते. संगणक पुढेही अधूनमधून हाक देत राहतो, पण शिक्षकाला तेवढा धीर नसतो व तो सर्वच बंद करून पुन्हा सर्वच एकदम चालू करतो. अर्थात तोच प्रसंग पुन्हा घडतो. येथे राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ, रिन्यू अशी आज्ञा द्यावी. बहुधा चालू होते. राउटरला छोटी बॅटरी जोडता आली तर हा त्रास मुळातूनच जातो. संगणकासाठी मोठी बॅटरी घेण्याच्या आधी राउटरसाठी लहान घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे.

दुसरे कारण असे की राउटरपाशी देण्यास पत्तेच उरलेले नसतात. समजा, राउटरला १०० पासून १४९ पर्यंतचे पन्नास पत्ते वाटण्याची मुभा दिली आहे. एरवी शाळेत दहा संगणक आणि शिक्षकांचे पाच भ्रमणध्वनी; काहीच अडत नाही. मग एके दिवशी केंद्राचे प्रशिक्षण त्याच शाळेत भरते. साठ शिक्षक येतात, वाय-फायचा परवलीचा शब्द फळ्यावर लिहिला जातो, आणि प्रत्येकाच्या खिशातील यंत्र एकेक पत्ता घेऊन बसते. संध्याकाळी मंडळी घरी जातात, पण पत्ते परत करून कोणी जात नाही. मुदत संपेपर्यंत ते हजेरीपत्रकात तसेच राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाचा संगणक चालू केला जातो आणि तो ओसरीवर जाऊन बसतो. ज्यांनी आधी पत्ता घेतला त्यांचे चालते, मागून येणाऱ्याचे अडते, हे या दोषाचे लक्षण. उपाय सोपा आहे. राउटरमधील पत्त्यांची मर्यादा वाढवावी, वर्दळीच्या शाळेत मुदत दोन तासांवर आणावी, आणि राउटरमध्ये पाहुण्यांसाठी निराळ्या वाय-फायची सोय असेल तर फळ्यावर त्याचाच शब्द लिहावा.

मुद्रणयंत्राचा घोटाळा याहून चमत्कारिक असतो. कोणी तरी मुद्रणयंत्राला हाताने १९२.१६८.१.१०५ असा कायमचा पत्ता देऊन ठेवतो, आणि तोच पत्ता राउटरच्या वाटपाच्या यादीतही असतो. महिनोन्‌महिने काही घडत नाही. मग एके दिवशी वीज जाते, राउटर आपली नोंद विसरतो, मुद्रणयंत्र बंद असते, आणि १०५ क्रमांक एखाद्या भ्रमणध्वनीला दिला जातो. एकाच घरक्रमांकाची दोन घरे झाल्यावर टपालवाल्याची जी अवस्था होईल, तीच जाळ्याची होते : कधी छपाई होते, कधी होत नाही. अशा यंत्राचा पत्ता वाटपाच्या यादीबाहेरचा असावा. किंवा त्याहून बरे म्हणजे, राउटरलाच सांगून तो पत्ता त्या यंत्रासाठी राखून ठेवावा.

आता तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. त्याला जरा अधिक वेळ द्यावयास हवा, कारण त्यात खरी हानी होते. एका शाळेची हकीकत अशी. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपावयास चार दिवस होते. सभागृहात वाय-फाय पोचत नाही म्हणून एका उत्साही शिक्षकाने घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडला. सभागृहात वाय-फायची खूण दिसू लागली, सर्वांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी संगणक कक्षातील ज्या संगणकावर अर्ज भरावयाचे होते, त्याचे नेट बंद. कार्यालयातील संगणक मात्र चालू होता, कारण त्याने आपला पत्ता जुना राउटर येण्याच्या आधीच घेतला होता आणि तो कधी बंद केला जात नसे. यावरून सर्वांनी निष्कर्ष काढला की नेट ठीक आहे, बिघाड संगणकात आहे. तर्क वरवर पाहता अगदी निर्दोष! बाजारातील एका तंत्रज्ञाला बोलावण्यात आले. त्याने पाहिले न पाहिले केले, आणि विंडोज पुसून नव्याने घातली.

त्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांची यादी होती. तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. पुष्कळ मुलांचे पालक ऊसतोडीला गेलेले, खातेपुस्तके त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर कारखान्याच्या तळावर. ती यादी पुन्हा कशी जमवावयाची? आणि एवढे होऊन नेट सुरू झाले का? नाही. होण्याचे कारणच नव्हते. नवी विंडोज घातलेल्या संगणकाने पुन्हा पहिलीच हाक दिली, "मला कोणी क्रमांक देईल का?", आणि पुन्हा त्याच जुन्या राउटरने तत्परतेने उत्तर दिले. वर्गात दोन गुरुजी झाले होते. जो आधी बोलला त्याचे ऐकावयाचे, हा यंत्राचा नियम. कोणता गुरुजी खरा हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. जुन्या राउटरने त्याला १९२.१६८.०.५ असा पत्ता दिला व वेस म्हणून स्वतःचाच, म्हणजे १९२.१६८.०.१ हा पत्ता दिला. शाळेची खरी वेस होती १९२.१६८.१.१. जुन्या राउटरमागे बाहेरचा रस्ताच नव्हता. वेशीपर्यंत पोच होती, पण वेस दुसऱ्याच गावाची होती.

हे ओळखण्यास काय लागले असते? चालू असलेल्या संगणकावर एकदा व बंद असलेल्या संगणकावर एकदा, आयपीकॉन्फिग. एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.० असे आकडे समोरासमोर ठेवले की तिसरीतील मुलालाही फरक दिसतो. दुरुस्तीही मोठी नव्हती. जुन्या राउटरमधील डीएचसीपी बंद करावयाचे, त्याला १९२.१६८.१.२ असा वाटपाच्या यादीबाहेरचा पत्ता द्यावयाचा, आणि तार त्याच्या बाहेरच्या दाराला न लावता लॅन लिहिलेल्या दाराला लावावयाची. म्हणजे तो गुरुजी न राहता नुसता निरोप्या बनतो आणि सभागृहातील वाय-फायही चालू राहते. या शाळेत शेवटी हेच केले गेले. अर्ज मुदतीच्या अखेरच्या रात्री भरले गेले, तेही सर्वांचे नव्हे; ज्या मुलांच्या पालकांशी दूरध्वनीवर संपर्क होऊन खातेक्रमांक मिळाले, त्यांचेच. तंत्रज्ञाला दोष देणे सोपे आहे. परंतु संगणक पुसण्याची परवानगी शाळेनेच दिली होती, आणि पुसण्यापूर्वी पत्ता पाहावा असे शाळेतील कोणालाही सुचले नव्हते.

येथवर पत्त्याचा विचार झाला. आता नावाचा.

माणसाला आकडे आठवत नाहीत, नावे आठवतात. म्हणून संस्थळांना नावे असतात. पण संगणकाला जावयाचे असते ते पत्त्यावर. नावावरून पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था, ती डीएनएस. तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यावर आरंभी इतकी थोडी यंत्रे होती की सर्वांची नावे व पत्ते एकाच यादीत मावत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ही यादी ठेवली जाई. नवे यंत्र जोडावयाचे तर त्या कार्यालयाला कळवावयाचे, ते यादीत नाव घालीत, आणि इतर सर्वांनी ती यादी वेळोवेळी उतरवून घ्यावयाची. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. सर्व जिल्ह्यांतील सर्व शाळांचा पट मंत्रालयातील एकाच कारकुनाने हाताने ठेवावा, अशी ती स्थिती होती. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यावर जो तोडगा मांडला, तो आपल्याला नवा वाटू नये : ज्याचा पट त्याने ठेवावा, आणि वरच्याने फक्त खालच्या दप्तराचा ठावठिकाणा जवळ बाळगावा.

महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन हे नाव घ्या. आपण पत्रावर पत्ता लिहितो तो गाव, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे. टपाल मात्र तो शेवटाकडून वाचते. संस्थळाचे नावही तसेच उजवीकडून वाचले जाते. सर्वांत वर जगाचे मूळ दप्तर आहे; त्याचे काम तेरा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सेवकांवर सोपविलेले आहे. त्याला महाराष्ट्र ठाऊक नाही. तो एवढेच सांगतो की 'इन' चे, म्हणजे भारताचे, दप्तर अमुक ठिकाणी. तेथे गेल्यावर 'गव्ह' चा ठावठिकाणा कळतो, आणि असे करीत करीत प्रत्यक्ष पत्ता हाती येतो. ही सर्व धावपळ सेकंदाच्या लहानशा अंशात होते आणि ती आपला संगणक स्वतः करीत नाही. डीएचसीपीने त्याला ज्याचे नाव सांगितले तो डीएनएस सेवक करतो. एकदा मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवले जाते, म्हणजे पुन्हा पुन्हा धावावे लागू नये. देवनागरीत लिहिलेली 'डॉट भारत' ची नावेही २०१४ पासून याच व्यवस्थेत सामावली आहेत. जुनी यादीची पद्धतही अगदी नाहीशी झालेली नाही. होस्ट्स नावाची एक छोटी यादी आजही प्रत्येक संगणकात असते, आणि तीत कोणी काही लिहून ठेवले असेल तर संगणक इतरांना विचारीतच नाही.

नावाचा दोष ओळखण्याची कसोटी अशी. काळ्या खिडकीत पिंग, म्हणजे पी, आय, एन, जी, असे लिहून एक जागा सोडून प्रथम वेशीचा पत्ता द्यावा. उत्तर आले तर शाळेच्या आतले सर्व ठीक. मग पिंग ८.८.८.८ असे लिहावे; हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सेवक असून तो सामान्यतः हाकेला ओ देतो. उत्तर आले तर बाहेरचा रस्ताही ठीक. आता एनएसलुकअप, म्हणजे एन, एस, एल, डबल ओ, के, यू, पी, असे लिहून जागा सोडून संस्थळाचे नाव द्यावे. रस्ता मोकळा आहे पण नावाला पत्ता मिळत नाही, असे दिसले तर दोष डीएनएसचा. हा क्रम मोडू नये. काही कार्यालयांत पिंगला मुद्दाम उत्तर बंद केलेले असते, हे मात्र ध्यानात ठेवावे; नुसत्या मौनावरून मृत्यूचा दाखला देऊ नये.

डीएनएसचा दोष ठरला तर प्रथम संगणकातील जपून ठेवलेली जुनी उत्तरे पुसावीत. त्यासाठी आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ, फ्लशडीएनएस. एखाद्या खात्याचे संस्थळ नव्या जागी हलविले गेले असता कधी कधी एकाच संगणकावर ते उघडत नाही, त्याचे कारण हे जुने उत्तर असते. याने भागले नाही तर राउटरमध्ये कंपनीच्या डीएनएसऐवजी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून पाहावे. आधी जो आकडा होता तो लिहून ठेवावा. पण ही युक्ती शाळेपुरतीच. ज्या मोठ्या कार्यालयात स्वतःचा सेवक असतो व कर्मचारी त्याच्यामार्फत संगणकात प्रवेश करतात, तेथे बाहेरचा डीएनएस घालू नये. बाहेरच्याला आतील यंत्रांची नावे ठाऊक नसतात, आणि मग नेट चालते पण कार्यालय बंद पडते.

पडद्यावर येणारा दोषसंदेश वाचण्याची सवय फार थोड्यांना असते, हे खेदाने म्हणावे लागते. त्यात एनएक्सडोमेन अशी अक्षरे असतील तर त्याचा अर्थ, या नावाचे कोणी नाही. मग आधी आपण नाव लिहिण्यात चूक केली आहे का, ते पाहावे. दहापैकी पुष्कळ वेळा एक अक्षर पडलेले किंवा टिंबाच्या जागी स्वल्पविराम पडलेला आढळतो. "जोडणी खाजगी नाही" अशा अर्थाचा इशारा आला तर पडद्याच्या कोपऱ्यातील दिनांक पाहावा. जुन्या संगणकातील रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली की तो वीज गेल्यावर कित्येक वर्षे मागे जातो, आणि मग आजचे प्रमाणपत्र त्याला ग्राह्य वाटत नाही. सीआर २०३२ या क्रमांकाची ती बॅटरी थोड्या पैशांत मिळते. हा जाळ्याचा दोष नव्हेच.

आणि एनएसलुकअपने पत्ता बिनचूक दिला, इतर सर्व संस्थळे उघडतात, पण एकच संस्थळ "वेळ संपली" म्हणते, असे झाले तर? तर शाळेत काहीही बिघडलेले नाही. घर सापडले, दार वाजविले, आतून उत्तर नाही. अखेरच्या दिवशी राज्यभरातील शाळा एकाच दारावर उभ्या असतात. अशा वेळी राउटर बंद-चालू करणाऱ्या, तारा उपसणाऱ्या शिक्षकाने स्वतःस व्यर्थ शिणवू नये. पहाटे प्रयत्न करावा, आणि तोवर पडद्याचे वेळेसह छायाचित्र ठेवावे. "तुमच्याच शाळेचे का राहिले?" या प्रश्नास ते छायाचित्र उत्तर देऊ शकते.

एक सावधगिरी राहिली. डीएनएस म्हणजे ज्याच्या शब्दावर संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतो तो वाटाड्या. वाटाड्याच बदलला तर? २०११ साली अमेरिकेच्या तपास यंत्रणेने एक टोळी उघडकीस आणली. तिच्या 'डीएनएसचेंजर' या घातक आज्ञावलीने जगभरातील सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस बदलून आपल्या सेवकांकडे वळविले होते. माणूस खरे नाव टाकी आणि पोचे भलत्याच ठिकाणी. ते सेवक एकदम बंद केले असते तर त्या सर्व संगणकांचे नेट बंद झाले असते, म्हणून त्यांच्या जागी काही महिने चांगले सेवक चालवून ९ जुलै २०१२ रोजी ते थांबविण्यात आले. राउटरचा मूळचा परवलीचा शब्द, जो त्याच्या पाठीवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो, तो न बदलल्यास असा बदल करणे बाहेरच्याला सोपे जाते. तो शब्द बदलावा. बदललेला शब्द भिंतीवर लिहू नये. बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवावा.

भिंतीवर लिहिण्याजोगे मात्र बरेच आहे, आणि ते राउटरच्या शेजारी एका जाड कागदावर असावे : खऱ्या वेशीचा पत्ता, वाटपाच्या पत्त्यांची सुरुवात व शेवट, मुद्रणयंत्राचा राखीव पत्ता, डीएनएसचे आकडे, कंपनीचा तक्रार क्रमांक आणि शाळेचा ग्राहक क्रमांक. हे आकडे नेट चालू असतानाच उतरून घ्यावयाचे असतात. बंद पडल्यावर ते कोठून मिळणार? कंपनीला दूरध्वनी करताना "नेट चालत नाही" असे सांगितले की तिकडून "राउटर बंद करून चालू करा" हेच ऐकावे लागते. त्याऐवजी असे सांगावे : संगणकाला १९२.१६८.१ चा पत्ता मिळाला आहे, वेशीकडून उत्तर येते, ८.८.८.८ कडून येत नाही, दोन संगणकांवर पाहिले, सकाळी साडेदहापासून असे आहे. मग तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा व तो त्याच कागदावर, तारखेसह, लिहावा.